मागच्या दोरीची गाठ

"अगो, किती ओढतंस तो बार! पतंगाचो गळो दाबतंस काय?"

सद्गुरू गिरप होडीतून ओरडत होता. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी, नाकातोंडात खारं पाणी गेलेलं, आणि डोक्यावर पतंग ढिम्म उभा. त्या दुपारची ती कितवी उडी होती देव जाणे. पायाखालच्या फळीवर उडी मोजायचं एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. त्यावर आकडा आला साडेचार मीटर. मला आठ हवे होते, आणि तेही दुसऱ्या दिवशी.

"सद्या, गप बस. एवढं कळतंय तर ये इकडे आणि मार उडी."

"माझ्या पोटाकडे बघ आणि मगे बोल," तो म्हणाला आणि होडी वळवून घेतली. नाव सद्गुरू, पण तोंड उघडलं की शिवी. डॉल्फिन दाखवायच्या होडीवर त्याचं पोट चाले आणि आमच्या पतंगशाळेची मुलं पाण्यात असली की तीच होडी घेऊन तो राखणीला थांबे. पतंगाचं त्याला जे काही कळत होतं ते माझ्या नवऱ्याने, निशिकांतने शिकवलेलं. त्यामुळे त्याचं बोलणं ऐकताना मला दर वेळी दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज ऐकू यायचा. त्यानेच मी जास्त दमायची.

पतंग म्हणजे संक्रांतीचा नव्हे. खोलीएवढा, कापडाचा, हवा भरून फुगवलेला. त्याच्या चार दोऱ्या. पुढच्या दोन तुमच्या कमरेच्या पट्ट्यात अडकतात, तुमचा सगळा भार त्यांच्यावर. मागच्या दोन हातातल्या दांडीला, तिला आम्ही बार म्हणतो. बार जवळ घेतला की मागच्या दोऱ्या ताणतात, पतंग वारा धरतो आणि तुम्हाला ओढतो. दूर सोडला की ओढ कमी. पायाखाली फळी, समोर समुद्र. बाकी सगळी हौस.

उंच उडायचं तर वेगात यायचं, फळीची कड पाण्यात रुतवून पतंगाला अडवून धरायचं, मग तो झटक्यात डोक्यावर पाठवायचा आणि थांबायचं. सगळ्यात अवघड ते थांबणंच. ओढ समोरून वर वळली की पायांनी पाणी सोडायचं आणि तेव्हा बार घ्यायचा. मी हे शंभर जणांना शिकवलं असेल. मला स्वतःला मात्र जमत नव्हतं. बार पार पोटात खुपसला तरी पतंग मला उचलायलाच तयार नव्हता. चाळिशी आली, गुडघे गेले, आता बाई तू पोहायला शिकव लहान मुलांना, असं मी मनाशी म्हणायला लागले होते.

किनाऱ्यावर नाना उभे होते. नाना म्हणजे माझे सासरे. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्यावर पांढरी टोपी, ती वाऱ्याने उडू नये म्हणून हनुवटीखाली नाडी बांधलेली. मी पतंग खाली आणला, त्यांनी तो अलगद धरला आणि वाळूवर उपडा टाकला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"साडेचार."

"मग बरं झालं की. काल चारच होते."

"नाना, आठ लागतात."

"होतील," ते म्हणाले आणि दोऱ्या गुंडाळायला बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

आठ कशासाठी, तेही सांगते. दक्षिणेत एका खाडीच्या काठावर मोठं प्रशिक्षण केंद्र निघत होतं. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांना एक बाई हवी होती. निवड करणारी माणसं किनारे बघत खाली चालली होती आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पांढरेवाडीला येणार होती. शिकवण्याचं मी पाठवलेल्या व्हिडिओवर बघून झालं होतं, आता फक्त उडी. तीन संधी, त्यांतली एक तरी आठ मीटरची. नोकरी झकास होती, पण खरं सांगू? पाण्याच्या टाकीवर पहारा करायची नोकरी असती तरी मी गेले असते. मला त्या किनाऱ्यावरून निघायचं होतं. सकाळी दार उघडलं की समोर ती वाळूची पट्टी. ओहोटीला उघडी पडायची, भरतीला बुडायची. तीन वर्षांपूर्वी निशिकांत त्या पट्टीवर पडला, उंचावरून. मी तेव्हा शेडमध्ये पुण्याच्या दोन मुलींना दोऱ्या समजावून सांगत होते. बाहेर आले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

लोकांना वाटलं नाना आता येवल्याला परत जातील. गेले नाहीत. मीही मिरजेला माहेरी गेले नाही. शेडच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहायचो, मी शिकवायची, ते दोऱ्या सांभाळायचे. भांडायचो ते भाजीत मीठ किती यावरून. निशिकांतचं नाव दोघांपैकी कुणी घ्यायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं, पण घेत नव्हतो.

दोऱ्या नानांच्याच हातात का, तर ते येवल्याचे. तिथे संक्रांतीला अख्खं गाव धाब्यावर, घरांच्या सपाट छतांवर चढतं. पतंग बांबूच्या आसारीवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चक्रीवर उडवतात. कागदी पतंगाला जो दोऱ्याचा त्रिकोण बांधतात त्याला तिकडे मंगळसूत्र म्हणतात, आणि ते चुकलं तर पतंग एक तर गिरक्या खातो नाही तर मरगळतो. नानांच्या घरात एक पद्धत होती. जो उडवणार तो बांधणार नाही. आसारी धरणाऱ्यानेच बांधायचं. उडवणाऱ्याचा जीव वर लागलेला असतो, तो घाई करतो, असं त्यांचे वडील म्हणायचे म्हणे. ती पद्धत नानांनी इथे समुद्रावरही आणली. निशिकांत हसायचा, पण स्वतःच्या पतंगाला कधी त्याने स्वतः दोरी लावली नाही. मीही लावली नाही. माझ्याकडचं टोक, बारचं, मी रोज तपासायची. पतंगाकडचं टोक नानांचं.

त्या संध्याकाळी नाना दोऱ्या गुंडाळता गुंडाळता अचानक उठले. "गावात जाऊन दाढी करून येतो. उद्या पाहुणे यायचेत, असं खुंट वाढवून कसं उभं राहणार?"

"तुमची निवड नाही करायची त्यांना."

"तुझा सासरा म्हणून तरी बघतील ना," ते म्हणाले आणि चपला झटकत गेले.

ते काम त्यांनी कधी अर्धं सोडलं नव्हतं. पतंग तसाच पडलेला, दोऱ्या लावलेल्याच. वारा पडत आला होता. म्हटलं आपणच गोड्या पाण्याने धुऊ आणि घडी करू. मागच्या कोपऱ्याची दोरी सोडायला गेले आणि हात थांबला.

पतंगाच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना वीतभर जाड दोरी असते, तिला तीन गाठी. कोणत्या गाठीला बारची दोरी अडकवायची यावर सगळं ठरतं. पतंगाला लागून असलेल्या गाठीला लावली तर मागची दोरी आखूड होते, पतंग जास्त ओढतो. सगळ्यात बाहेरच्या गाठीला लावली तर दोरी लांब, सैल. मग बार कितीही घ्या, पतंगात जीव नाही. आमची नेहमीची गाठ मधली. दोरी लावलेली होती शेवटच्या, बाहेरच्या गाठीला.

मी दुसऱ्या कोपऱ्याकडे गेले. तिथेही शेवटचीच. एका बाजूला असती तर चूक म्हटली असती.

मग गाठींकडे नीट बघितलं. मधली गाठ नवी कोरी दिसत होती, काळीभोर. शेवटची घासून पांढुरकी झालेली. म्हणजे हे आजचं नव्हतं, कालचंही नव्हतं. हा पतंग निशिकांत गेल्यावर घेतलेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून. तीन हंगाम मी मरगळलेला पतंग उडवत होते आणि दोष देत होते गुडघ्यांना. रोज रात्री तेल चोळत होते त्यांना, गाढवासारखी!

मी तिथेच वाळूत बसले. राग आला, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. ते नाना येईपर्यंत मी गोळा करत बसले.

नाना आले ते गुळगुळीत दाढी करून, हातात पावाची पुडी. पतंग बघितला, मला बघितलं आणि त्यांना कळलं.

"नाना, ही गाठ कुणी बांधली?"

"मीच बांधतो ना रोज."

"शेवटची का?"

ते उपड्या फळीवर बसले. पुडी मांडीवर ठेवली. तिच्या कागदाची घडी नीट करत राहिले. मग माझा तोल गेला.

"मी जाऊ नये म्हणून ना? एकटं पडायची भीती वाटते तर तोंडाने सांगायचं! 'वृंदा, जाऊ नकोस' म्हणायला जीभ झडली असती का तुमची? मी थांबले असते, नाही तर तुम्हाला बरोबर चला म्हटलं असतं. पण हे असं? पाठीमागून? रोज माझ्या हातात मेलेला पतंग द्यायचा आणि वर 'होतील' म्हणायचं?"

"जाण्याचं काय," नाना हळू म्हणाले. "तू जा की. आत्ता न्हाव्यालाही सांगून आलो, सून मोठ्या जागेवर चालली म्हणून. तू जायला माझी ना नाही पोरी."

"मग?"

"वर जायला आहे."

मला समजलं नाही. समुद्र शांत पडला होता. पट्टी उघडी पडायला लागली होती, तिच्यावर दोन बगळे.

"त्या दिवशी मी कुठे होतो, माहितीये तुला?"

"सुरूच्या झाडांशी. सद्याने सांगितलं होतं."

"आणि काय करत होतो?"

हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"ओरडत होतो," नाना म्हणाले. "संक्रांतीला धाब्यावरून ओरडतात तसा. भारी उडत होता गं तो. इतक्या उंच मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. माझ्याने राहवेना. 'अजून वर, निशी, अजून वर!' त्याने ऐकलं. वारा होता तरी ऐकलं. माझ्याकडे बघून हसला, हात केला, आणि परत फिरून आला अजून वर जायला. खाली पट्टी उघडी पडलेली त्याने बघितली नाही. मीही नाही बघितली. मी वर बघत होतो."

त्यांनी पुडी उचलून फळीवर ठेवली, परत मांडीवर घेतली.

"तू परत पाण्यात जायला लागलीस तेव्हा मी तुला नको म्हणू शकत नव्हतो. माझा काय हक्क? मग ही गाठ बांधली. म्हटलं, हिंडू दे पाण्यावर, फक्त वर नको. तू आठ-आठ करायला लागलीस तेव्हापासून रोज रात्री ठरवतो, उद्या मधली बांधू. सकाळी बोटं शेवटचीच बांधतात."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. त्याच्या जागी काही आलंही नाही, नुसता थकवा. या माणसाने तीन वर्षं हे गिळून माझ्याशी मिठावरून भांडणं केली होती. 'तुम्ही ओरडला नसता तरी' असं काहीतरी मी बोलायला लागले, पण वाक्य पुरं झालं नाही. खरं काय ते मला तरी कुठे ठाऊक होतं.

"उद्या मधली बांधा," मी एवढंच म्हणाले.

"तूच बांध. तुझ्या हाताने बांधलीस की झालं."

"नाही. आपल्या घरात उडवणारा बांधत नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले आणि आत जाऊन कुकर लावला. जेवताना भाजी खारट झाली होती. मी परत वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा वेळेवर आला, भरतीही होती. निवडीची माणसं दोन, एक गृहस्थ आणि एक बाई, दोघांच्या डोक्यावर मोठ्या टोप्या. सद्गुरू होडीत तयार. शाळेची चार-पाच मुलं, गावातले रिकामटेकडे, सगळे वाळूवर.

नानांनी पुढच्या दोऱ्या लावल्या. मागच्या दोऱ्या हातात घेतल्या आणि थांबले. मी बार तपासत असल्याचं सोंग केलं. मग त्यांनी एका बाजूची मधल्या गाठीला लावली, ओढून बघितली, दुसऱ्या बाजूची लावली, ओढून बघितली. पतंग उभा धरून त्यांनी माझ्याकडे मान हलवली आणि सोडला.

आणि पाठ फिरवली. समुद्राकडे पाठ करून, सुरूच्या झाडांकडे तोंड करून ते उभे राहिले.

बाप रे, काय ओढ होती! तीन वर्षं बैलगाडी हाकल्यावर हातात एकदम मोटार यावी तसं झालं. मी वेगात आले, कड रुतवली, पतंग वर पाठवला, आणि सवयीने बार पार पोटात खुपसला. मरगळलेल्या पतंगाला ते लागायचं. या पतंगाचा त्याने खरंच गळा दाबला गेला. तो वरच्या वर अडखळला, मागे पडला, आणि मी दणकन पाण्यात. तीन मीटर.

"ओढू नको गो!" सद्गुरू.

मला कळत होतं, हातांना कळत नव्हतं. बारच्या वर ट्रिमचा लाल पट्टा असतो, तो खेचला की पुढच्या दोऱ्या थोड्या आखडतात आणि पतंग मोकळा श्वास घेतो. तो मी चार बोटं खेचला. दुसऱ्यांदा आले. या वेळी पतंग मस्त चढला, पण ओढ लागताच मी घाबरून थांबलेच नाही, कड लवकर सोडली. सहा.

एकच राहिली. लांब जाऊन वळले. हात भरून आले होते. खरंच मनात आलं, जाऊ दे. सहा तर सहा. घरी जाऊ, भात टाकू, भांडू. मी किनाऱ्याकडे बघितलं. सगळी तोंडं माझ्याकडे, मधे एक पांढरी टोपी आणि पाठ.

तेवढ्यात ती पाठ वळली.

नाना समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. दोन पावलं पुढे आले, पाणी घोट्याला लागेपर्यंत. मग त्यांनी दोन्ही हात पुढे घेतले आणि हातात आसारी असावी तसे फिरवायला लागले, उलट्या दिशेने, भराभर. येवल्यात एकदा संक्रांतीला मी ते बघितलं होतं. ढील. दोरा सोडतोय, ने, जा वर. तोंडाने मात्र ते काहीही ओरडत नव्हते. ओठ घट्ट मिटलेले मला तेवढ्या लांबूनही दिसत होते.

मला रडू आलं आणि मी वेगात निघाले. कड रुतवली, पतंग वर पाठवला. बार हातभर दूर सोडून थांबले. समोरची ओढ वर वळली. अजून थांबले. मग पाय सोडले आणि बार फक्त अर्धा घेतला.

वर गेलं की आवाज बंद होतो, हे मी विसरूनच गेले होते. सुरूची झाडं खाली गेली. सद्याची होडी दिसली, तो आ वासून बघत होता. डावीकडे लांब पाण्याखाली ती पट्टी दिसली, पिवळट, कुणाचं काही न केल्यासारखी. मग पतंग पुढे वळवला आणि किनाऱ्याजवळच, नानांच्या समोर, फळी सपाट ठेवून उतरले.

सद्गुरू यंत्र बघायला होडी घेऊन आलाच. "आठ आणि वर! आठ आणि वर गो बाय!" त्याने अशी काही शिवी हासडली की निवडीच्या बाईंनी दुसरीकडे बघितलं.

मी पतंग खाली आणला. नानांनी धरला, उपडा टाकला आणि त्याच्या शेजारी धप्पकन वाळूत बसले. दोन पाय पुढे पसरलेले, लेंगा भिजलेला. मी कमरेचा पट्टा सोडून त्यांच्याजवळ गेले.

"नाना, बघितलंत ना?"

"नाही."

"नाही काय! हात तर करत होतात."

"तू पाणी सोडलंस आणि माझे डोळे मिटले. उघडेचनात."

ते मागच्या दोरीची मधली गाठ सोडवायला लागले. सुटेना, इतकी घट्ट बसली होती. मी पण खाली बसले.

"मग मी नीट उतरले हे कळलं कसं?"

"पाणी वाजलं," नाना म्हणाले. "त्या दिवशी नव्हतं वाजलं."